पद्मिनीचा तीन नंबरचा प्लग

१ जून २०२५, रविवार

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९८६, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर, पॉइंटवाला डेलको (चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डबा), स्टेअरिंगला गिअर. रत्नागिरीत असते, बाबा रोज सकाळी मार्केट आणि संध्याकाळी देऊळ एवढीच फिरवतात, एका वेळी दीड-दोन किलोमीटरच्या वर जात नाही. पाऊस यंदा मे संपायच्या आतच आला आणि तेव्हापासून गाडी सकाळी मिसिंग मारते. सेल्फ मारला की लागते, पण तीनच सिलिंडरवर चालल्यासारखी थरथरते, चढावर पिकअप नाही, मागून काळा धूर आणि पेट्रोलचा वास इतका की आई म्हणाली पोर्चमधे गाडी ठेवताय की पंप उघडलाय.

यावेळी वहीत लिहून ठेवायचं ठरवलं कारण मागच्या वर्षी काय काय बदललं ते आता कुणालाच आठवत नाहीये, बाबांना फक्त बिल किती झालं ते आठवतं.

चारही स्पार्क प्लग काढले, सिलिंडरमधे ठिणगी पाडणारे. रेडिएटरकडचा एक नंबर. एक, दोन आणि चार काळे पण कोरडे, काजळी बोटाला लागते, मखमलीसारखी. तीन नंबर मात्र ओलाचिंब. टोकाला पेट्रोलचा थेंब लोंबत होता, आतलं पोर्सलीन काळं आणि चकचकीत. ऑइल आहे का म्हणून बोटावर घेऊन चोळलं, चिकटपणा अजिबात नाही, फुंकर मारली तर अर्ध्या मिनिटात उडून गेलं. म्हणजे पेट्रोलच.

प्लग साफ केले, गॅप ०.६ केला, बसवले. गाडी मस्त चालू झाली. खूश होऊन आंघोळीला गेलो.

३ जून, मंगळवार

खुशी दोन दिवस टिकली. पुन्हा तेच. तीन नंबर ओला.

प्लग साफ करायची माझी पद्धत लिहून ठेवतो कारण घरात वाद झालाय. ओला प्लग गॅसवर धरायचा नाही, हे आईचं म्हणणं बरोबर आहे, भपकन पेटतो. आणि ऊन तर नाहीच. हेअर ड्रायर वापरला. मग जुना टूथब्रश आणि थोडं पेट्रोल, पुन्हा ड्रायर, शेवटी टोकावर पॉलिश पेपर हलक्या हाताने. पोर्सलीनवर तारेचा ब्रश जोरात घासायचा नाही, धातूचे कण चिकटून बसतात आणि करंट त्यांच्यावरूनच पळतो, म्हणजे साफ करता करता आपणच प्लग शॉर्ट केला.

शेजारच्या दोघातिघांनी एकच निदान केलं, इथेनॉल. पेट्रोलमधे आता २० टक्के इथेनॉल आहे आणि जुन्या गाडीचे रबर, डायफ्रॅम, नळ्या त्याने खराब होतात हे खरंच आहे, पण इथेनॉलमधे स्वतःचा ऑक्सिजन असतो त्यामुळे कार्बोरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) पेट्रोल-हवेचं मिश्रण उलट पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी. काजळी येते ती जाड मिश्रणाने. त्यामुळे इथेनॉलला शिव्या द्यायच्या तर द्या, पण या गुन्ह्यात नको.

८ जून, रविवार

मेस्त्रींना घरी बोलावलं. माणूस चांगला, बाबांच्या ओळखीचा, पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या तेव्हापासून काम करतो. तीन नंबरचा प्लग वायरसकट बाहेर काढला, इंजिनला टेकवला, मला म्हणाले सेल्फ मारा. निळी ठिणगी, चटचट आवाज.

"करंट बघा दादा, एक नंबर आहे. तुमचा कार्बोरेटर पेट्रोल मारतोय. निडल गेली असणार. खोलूया."

बाबा म्हणाले, "अहो मेस्त्री, मग एकच प्लग का ओला होतोय?"

मेस्त्री म्हणाले, "होतो असा कधी कधी."

बाबांचा प्रश्न मला तेव्हा उगाच वाटला, खरं सांगायचं तर मी मनात म्हटलं यांना काय कळतंय. पण पुढे तीन आठवडे मी जे काय केलं ते सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेलं. कार्बोरेटर एकच आहे, चौघांना तोच पाजतो. तो जास्त पाजत असेल तर चौघांचीही तोंडं काळी व्हायला हवीत, आणि ती झालीच होती. पण ओला एकटाच. म्हणजे तीन नंबरला पेट्रोल जास्त जात नाहीये, जेवढं जातंय ते जळत नाहीये.

हे मला आज कळलं नव्हतं बरं का, वरचा पॅरा नंतर घुसवलाय.

आज कार्बोरेटर खोलला. फ्लोट, म्हणजे आतला तरंगणारा डबा, हलवून पाहिला, आत पेट्रोल खळखळत नाही म्हणजे भोक नाही. निडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, ठीक वाटली तरी आणलीच होती म्हणून नवीन टाकली. जेट फुंकून साफ. बसवला, गाडी चालू, मिसिंग चालू.

११ जून, बुधवार

ऑफिसातून आल्यावर पाऊस थांबला होता म्हणून बोनेट उघडून नुसता बघत बसलो. चोक म्हणजे थंड गाडी लागावी म्हणून मिश्रण जाड करायची सोय. त्याचं बटण आत ढकललं की कार्बोरेटरवरची लिव्हर पार शेवटपर्यंत जायला हवी. ती बोटभर आधीच थांबत होती. बटण पूर्ण आत, लिव्हर अर्धवट. म्हणजे बाबा रोज थोडा चोक लावूनच मार्केटला जात होते. केबल आतून गंजलेली, बाहेरचं कव्हर क्लॅम्पमधून सरकलेलं. केबल काढून ऑइल सोडलं, वर-खाली केली तोवर रात्रीचे नऊ, क्लॅम्प नीट आवळला. आता लिव्हर मागे जाऊन टक्क असा आवाज करते.

काळा धूर गायब. मला वाटलं सुटलो.

१५ जून, रविवार

सुटलो नाही. साठ किलोमीटर चालवून प्लग काढले, मुद्दाम हातखंब्यापर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारल्या. प्लगचं टोक साधारण ४५०-५०० डिग्रीच्या वर तापलं तरच स्वतःची काजळी जाळून टाकतं, आणि मार्केट-देऊळ-मार्केटमधे ते तेवढं तापतच नाही, म्हणून लांब फेरी हवी. एक, दोन, चार आता खाली तपकिरी व्हायला लागलेत. तीन ओला. पहिल्यासारखा टपकत नाही पण ओला.

आता उलट जास्त स्पष्ट झालं. दोन वेगळे आजार एकावर एक चढले होते. चोकचा चौघांना, आणि दुसरा काहीतरी फक्त तीनला. चोकचा आजार इतका ठळक होता की दुसरा त्याच्या मागे लपला.

डिपस्टिक काढून वास घेतला. ऑइलला पेट्रोलचा वास आणि लेव्हल मॅक्सच्या वर. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरची भिंत धूत खाली संपमधे, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंगचं वाटोळं. हे दुरुस्त झाल्यावर ऑइल बदलायचं. लिहून ठेवतो नाहीतर विसरेन.

१७ जून, मंगळवार

अदलाबदल. तीनचा प्लग एकला, एकचा तीनला. दोन दिवस चालवून बघणार.

मधल्या वेळात नवीन प्लग आणावे म्हणून दुकानात गेलो, तिथे जरा गरम जातीचा प्लग टाकावा असं डोक्यात आलं म्हणजे काजळी लवकर जळेल. मायको, म्हणजे आताचं बॉश, त्यात आकडा वाढला की प्लग गरम. एनजीकेमधे नेमकं उलटं, आकडा कमी झाला की गरम. मी एनजीकेचा मोठा आकडा हातात घेऊन उभा होतो, घेतला असता तर अजून थंड प्लग पडला असता. पण मुळात गरम प्लग टाकून काजळी लपवणं म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर बदलणं, म्हणून तसाच परत आलो.

१९ जून, गुरुवार

तीनमधे गेलेला एकचा चांगला प्लग ओला. एकमधे गेलेला तीनचा बदनाम प्लग कोरडा आणि तपकिरी व्हायला लागलेला. प्लग निर्दोष.

२२ जून, रविवार

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. गेज उसना आणला. चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, ११८, ११५, ११६, १२०. तीनचं ११६. म्हणजे व्हॉल्व्ह, रिंगा, गॅस्केट यातलं काही नाही. मोठा खर्च टळला म्हणून बाबांनी दुपारी स्वतः आंबे कापले, हंगामातले शेवटचे.

दुपारनंतर प्लगच्या वायरी नवीन टाकल्या. चारही एकदम काढल्या, हा मूर्खपणा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ हे पाठ आहे, पण बोलता बोलता तीन आणि चारची वायर उलट लागली. सेल्फ मारल्यावर कार्बोरेटरमधून असा फाड् करून आवाज आला की शेजारचा कुत्रा अजून आमच्या गेटसमोरून जात नाही. एक वायर काढायची, एक लावायची, मग दुसरी. हे मी स्वतःला सांगतोय.

वायरी नीट लावल्या. मिसिंग आहेच. एकेक वायर काढून पाहिली, एक काढली की इंजिन बसतं, दोन काढली की बसतं, चार काढली की बसतं, तीन काढली की काहीच फरक नाही. तीन काम करतच नाहीये, निदान थंड असताना तरी.

रात्री अंधारात बोनेट उघडून बघितलं, कुठे ठिणगी बाहेर पळते का म्हणून. काही दिसलं नाही. पण मी नुकताच चक्कर मारून आलो होतो, इंजिन गरम होतं, सगळं सुकलेलं होतं. थंड आणि दमट असतानाचा आजार गरम असताना शोधत होतो.

२४ जून, मंगळवार

काय काय सुटलं याचा विचार करत ऑफिसात बसलो. पेट्रोल बरोबर, प्लग बरोबर, वायर नवीन, कॉम्प्रेशन बरोबर. कॉइल, पॉइंट, कंडेन्सर हे करंट तयार करणारे सगळे चौघांत सामायिक, त्यातलं काही गेलं असतं तर चौघेही रडले असते. पॉइंटचा गॅप तरी बघितला, ०.४५, ठीक. मग तीनच्या एकट्याच्या वाट्याचं काय उरलं? डेलकोच्या कॅपमधला त्याचा एक खांब. बाकी काही नाही.

पण मेस्त्रींनी करंट दाखवला होता की. निळा होता. मी डोळ्यांनी बघितला.

इथे अडकलो आणि मग डोक्यात आलं की तो प्लग बाहेर होता. बाहेर हवा साधी, ०.६ मिलिमीटरची फट उडी मारायला करंटला फार जोर लागत नाही. सिलिंडरमधे मिश्रण दाबून साधारण सातवा-आठवा हिस्सा झालेलं असतं, दाबलेल्या हवेत उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. आणि करंट आळशी. समोरची उडी अवघड झाली आणि वाटेत कुठे सोपी गळती मिळाली की तो तिकडून निघून जातो. बाहेर काढलेला प्लग म्हणजे ओट्यावर बसलेला पैलवान, दंड सगळ्यांचेच दिसतात.

वरून प्लग एकदा ओला झाला की त्या ओल्या काजळीवरूनही करंट झिरपतो, म्हणजे ठिणगी अजून कमजोर, म्हणून अजून ओला. एकदा चक्र सुरू झालं की थांबत नाही. साफ केल्यावर दोन दिवस बरी चालायची ती यामुळेच.

२९ जून, रविवार

आज सापडलं.

एका जुन्या प्लगचा खालचा वाकडा आकडा हॅक्सॉने कापून टाकला. आता मधल्या दांड्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत फट मोठी झाली, बाहेरच्या हवेतही करंटला जोर लावावा लागणार. त्या प्लगच्या अंगाला एक वायर बांधून ती इंजिनच्या बोल्टला घट्ट अर्थ केली. इंजिनवरच्या पेट्रोल पंपाकडे येणारी नळी काढून बंद केली आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवली, कारण उघड्या ठिणगीजवळ पेट्रोल नको. मग संध्याकाळपर्यंत थंड होऊ दिली. साडेसात, दिवे बंद, पाऊस नुकताच पडून गेलेला, अंगावरचा शर्टसुद्धा दमट.

बाबा सीटवर, मी बोनेटखाली. एकची वायर कापलेल्या प्लगला लावली. "मारा." चट चट चट, ठिणगी उडते. दोनची. उडते. चारची. उडते. तीनची लावली. "मारा." प्लगवर अंधार. आणि त्याच क्षणी डेलकोच्या कॅपच्या खालच्या काठाला, डाव्या क्लिपच्या बाजूला, निळसर काहीतरी चमकलं. मला वाटलं भास. "परत मारा." पुन्हा चमकलं. "थांबा थांबा थांबा."

कॅप काढून घरात ट्यूबलाइटखाली आणली. आतून पुसली. तीनच्या पितळी टोकापासून एक रेघ निघते, पेन्सिलने हळूच ओढावी तशी, राखाडी, केसाहून जरा जाड, वाटेत एकदा नदीसारखी वळते आणि काठावर जिथे क्लिप चावते तिथे संपते. मागच्या रविवारी हीच रेघ मी बघितली होती आणि ओरखडा समजून सोडून दिली होती. फडक्याने पुसून जात नाही. नखाने खरवडलं तर काळी भुकटी. बॅकेलाइट जळून झालेला कार्बनचा रस्ता, तीनच्या करंटला थेट अर्थपर्यंत, टोलनाका नाही काही नाही. मल्टिमीटर लावला तर तो म्हणतो सगळं ठीक, कारण त्याची नऊ व्होल्टची बॅटरी, इथे पळणारा करंट हजारो व्होल्टचा.

बाबांना दाखवलं. चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एवढ्याशा रेघेनं महिना घालवला?"

३० जून, सोमवार

कॅप मिळेपर्यंत जुगाड. रेघ ब्लेडने पूर्ण खरवडून काढली, काळं दिसेनासं होईपर्यंत, खोबणीत अराल्डाइट भरलं. रात्रभर सुकवलं. हे टिकत नाही, चर पुन्हा जळतो, पण निदान खरा चोर पकडला का ते कळेल.

साफ केलेला प्लग लावून सकाळी थंड गाडी चालू केली. चारही. आवाज ऐकून आई बाहेर आली, बोलली काही नाही, आत गेली.

मेस्त्रींना फोन केला. आधी म्हणाले, "असं कसं, करंट तर होता." मग फटीचं आणि दाबाचं सांगितल्यावर थोडं थांबून, "दादा, तो कापलेला प्लग मला द्या." दुसरा कापून देतो म्हटलं.

६ जुलै, रविवार

आषाढी. कॅप आली. इथल्या दुकानात तीन ठिकाणी फिरलो, पद्मिनीचं नाव काढलं की माणसं हसून मान हलवतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मधे संपल्या, तेव्हापासून स्पेअर अजूनच दुर्मिळ झालेत, आधी टॅक्सीवाल्यांमुळे निदान खप तरी होता. शेवटी भावाने कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या स्टॉकची आणून एसटीने पाठवली. गाडी जिथे जन्मली त्याच कुर्ल्यातून कॅप, याचं बाबांना भलतंच कौतुक.

रोटरही (कॅपच्या आत फिरणारा) नवीन टाकला, आलाच होता. मधला कार्बनचा ब्रश स्प्रिंगवर नीट दबतो का बघितलं. क्लिपची जागा पॉलिश पेपरने साफ, आतून कोरडं फडकं. वायरी एकेक करून हलवल्या, कुत्र्याला त्रास नको.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला. काढलेलं ऑइल पाण्यासारखं ओघळलं.

१३ जुलै, रविवार

स्लो (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) आणि मिक्श्चर पुन्हा सेट केलं. आजारी असताना मेस्त्रींनी आणि मी मिळून स्क्रू इतके फिरवले होते की मूळ जागा कुठली ते देवाला माहीत. हळूहळू आत घेत गेलो, इंजिन अडखळायला लागलं, तिथून थोडा बाहेर, मग स्लो कमी. दोनदा केलं. बाकी काही नाही, पाऊस जोरात, लाइट तीन वेळा गेली.

२७ जुलै, रविवार

कॅप टाकल्यापासून ३१० किलोमीटर. बाबांना रोज देवळाकडून परत येताना शिरगावपर्यंत लांबून यायला सांगितलंय, ते त्यांना आवडलंय, वाटेत कोणीतरी भेटतं.

प्लग काढले, चारही वर्तमानपत्रावर ठेवले, नंबर लिहिलेली बाजू खाली. सगळे फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे, कडेला थोडी राख. बाबांना म्हटलं यातला तीन नंबर ओळखा. त्यांनी चारही नाकाजवळ नेऊन वास घेतले, दोन उजेडाकडे धरून पाहिले आणि खात्रीने एक माझ्या हातात ठेवला.

उलटा करून बघितला. चार नंबर होता.

प्लग परत घातले. वायपरची मोटर घर्र करते, पुढच्या रविवारी ती.